मी, पोचा पडलेला शेकर

मित्रांनो, माझ्या पोटाला उजव्या बाजूला एक पोचा आहे. मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी तिथेच बोट लावतो आणि "अरेरे!" म्हणतो. मग मी अस्सल स्टीलचा आहे, तीन तुकड्यांचा आहे, एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये वीस वर्षं पेयं घुसळायची नोकरी केलेला शेकर आहे, हे सांगायची मला संधीच मिळत नाही. म्हणून आज सगळं सांगून टाकतो, पोच्यासकट.

दारूचं भांडं म्हणून नाक मुरडू नका. मी स्वतः आयुष्यात एक थेंब प्यायलेलो नाही. जे पोटात आलं ते सगळं दुसऱ्याच्या ग्लासात ओतलं. इतका निर्व्यसनी बारमध्ये दुसरा कोणी सापडायचा नाही!

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यातला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली दाबली आणि तिचा पेला झाला. मग त्यावर बसणारी जाळीची मान आली, मानेवर टोपण आलं. शेवटी तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक भांड्यात स्वतःचा चेहरा बघायच्या. चेहरा वाकडा दिसला की भांडं बाद. माझ्यात बघून त्यांनी कपाळावरची बट सारखी केली आणि मला पास करून टाकलं.

तिथून मी गेलो तो थेट वस्तादांच्या हातात. वस्ताद म्हणजे त्या बारचे मुख्य बारटेंडर. त्यांना तिथे मालकापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे वस्तादच म्हणायचे. उंचीने बेताचे, बोलायला कमी, आणि नाक असं की बंद बाटलीच्या नुसत्या बुचावरून आत काय आहे ते सांगतील. पेय तयार झालं की ओतायच्या आधी ते माझ्या तोंडाशी नाक न्यायचे. सगळं जमलेलं असलं की हळूच "हं" म्हणायचे. नाही जमलं तर सरळ मोरीत. वीस वर्षांत मी ते "हं" किती हजार वेळा ऐकलं असेल, देव जाणे. दर वेळी माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग वस्ताद तापाने आजारी पडले. दोन आठवड्यांनी कामावर परत आले. पहिलंच पेय केलं, माझ्या तोंडाशी नाक नेलं. पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा इतकं जवळ नेलं की नाकाचा शेंडा ओला झाला. पण "हं" काही आलं नाही. त्यांचा वास गेला होता मित्रांनो, आणि वासाबरोबर चवही. हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक.

चार दिवस त्यांनी नुसत्या मापावर निभावून नेलं. पण लिंबं काही मापाने आंबट होत नाहीत. पाचव्या दिवशी रोज सात वाजता येणारे वकीलसाहेब एक घोट घेऊन म्हणाले, "वस्ताद, आज हात चुकला का?" एवढंच. वाईट बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता. पण वस्तादांच्या ओल्या हातातून मी सुटलो आणि फरशीवर आपटलो. हा पोचा तेव्हाचा.

त्याच आठवड्यात वस्तादांनी नोकरी सोडली. "गुडघे दुखतात, उभं राहवत नाही," असं सगळ्यांना सांगितलं. घरीही तेच. सोबतच्यांनी निरोपाला एक महागाची बाटली दिली आणि मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

घरी मालकीणबाईंनी, म्हणजे वस्तादांच्या पत्नीने, माझा ताबा घेतला. बाई स्वभावाने प्रेमळ, पण त्यांना रिकामं भांडं बघवत नाही आणि रिकामी बाटली टाकवत नाही. दोन वर्षं मी फ्रिजच्या डोक्यावर बसलो होतो. माझ्या पोटात रबर बँड, संपलेले सेल, आणि कोणत्या कुलपाच्या ते कोणालाच आठवत नाही अशा तीन किल्ल्या. ज्या पोटाने इतक्यांची तहान भागवली त्याची ही दशा! राग आला, पण सांगणार कोणाला?

रोज जेवताना मालकीणबाई विचारायच्या, "मीठ बरोबर आहे ना?" आणि वस्ताद म्हणायचे, "छान." चहा? छान. भाजी? छान. मला वरून सगळं दिसायचं. ते ताटाकडे न बघता जेवायचे.

आणि मग एक दिवस पोरगी घरी आली. वस्तादांची एकुलती एक मुलगी, हॉटेलचं शिक्षण घ्यायला बाहेरगावी राहायची, ते आता संपलं होतं. आल्या आल्या चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, उद्या चार वाजता माझी नोकरीसाठी चाचणी आहे. आपल्या शहरातला सगळ्यात चांगला बार आहे. एकच पेय करून दाखवायचंय, मेस्कल सावर. आणि एकच जागा आहे. मला ती पाहिजेच."

मित्रांनो, मेस्कल म्हणजे घायपातीसारख्या एका झाडाची दारू. त्या झाडाचा गाभा जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर भाजतात, म्हणून तिला धुराचा वास येतो. त्यात लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्याचा पांढरा भाग घालून घुसळलं की झालं सावर. ऐकायला सोपं आहे. करायला गेलात तर धुराने लिंबाला गिळून टाकलं नाही पाहिजे आणि लिंबाने धुराला हाकलून दिलं नाही पाहिजे.

"तुमची ती निरोपाची बाटली मेस्कलचीच आहे ना? आणि शेकर कुठाय?" पोरगीने मला खाली काढलं, किल्ल्या, सेल, रबर बँड ओट्यावर ओतले आणि गरम पाण्याने मला घासलं. काय सांगू, दोन वर्षांनी अंघोळ!

तिने बाटलीचं बूच उघडलं. बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या मालकीणबाई तिथूनच ओरडल्या, "अगं, काय जळतंय? गॅसवर काय ठेवलंय?" आणि धावत आत आल्या. वस्ताद बाटलीपासून हातभर अंतरावर उभे होते. तेसुद्धा लगबगीने गॅसकडे वळले आणि बटणं तपासू लागले.

"बाबा, दारूचा वास आहे तो!" पोरगी हसली. "तुम्ही पण काय!"

"हो हो, माहितीये," वस्ताद म्हणाले.

पोरगीने मापं घेतली. साठ मिली मेस्कल, पंचवीस लिंबाचा रस, वीस पाक, एका अंड्याचा पांढरा भाग. आधी बर्फाशिवाय घुसळलं, म्हणजे फेस धरतो. मग बर्फ घालून पुन्हा घुसळलं. हात तयार होता तिचा, पण घाई फार. लहान ग्लासात गाळलं. वर पांढरा फेस तरंगला. तिने स्वतः चाखलं नाही. ग्लास दोन्ही हातांनी वडिलांपुढे धरला.

"पहिला घोट तुमचा."

वस्तादांनी घोट घेतला. क्षणभर डोळे मिटले, जसे बारमध्ये मिटायचे. "छान," ते म्हणाले. "झकास झालंय. लिंबू अगदी थोडं कमी कर."

पोरगीचा चेहरा उजळला. तिने मोठा घोट घेतला आणि जागच्या जागी मोरीत थुंकला. "ई! आई, हे काय आहे? नुसतं मीठ!"

मालकीणबाईंनी ओट्यावरच्या बाटल्या उचलून बघितल्या. सॉसच्या जुन्या चार बाटल्या, सगळ्या सारख्या, घासूनपुसून लखलखीत, एकीवरही चिठ्ठी नाही. "अगं बाई! ही तर यांच्या गुळण्यांच्या मिठाच्या पाण्याची. पाकाची ती पलीकडची. मला विचारायचं नाहीस का? मला माहीत असतं कशात काय आहे ते."

"असू दे गं, चूक माझीच." पोरगी तोंड धुऊन वडिलांकडे वळली. "आणि तुम्ही काय चेष्टा करता बाबा! म्हणे लिंबू कमी कर. उद्या माझी..."

ती बोलता बोलता थांबली, कारण वस्ताद हसत नव्हते. ते ग्लासाकडे बघत होते. त्यांनी तो पुन्हा तोंडाला लावला, घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि गिळला. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही.

"मीठ आहे?" त्यांनी विचारलं.

पोरगीने मान हलवली.

"मला काहीच कळत नाही गं," वस्ताद म्हणाले. "त्या तापापासून. वास नाही, चव नाही. पाणी काय आणि हे काय."

"गुडघे?" पोरगीने विचारलं.

"गुडघे ठणठणीत आहेत."

मालकीणबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे दोन वर्षं मी मेली रोज विचारते, मीठ बरोबर आहे का... आणि तुम्ही..." त्या वस्तादांकडे वळल्या. "एकदा तरी सांगायचं होतंत हो. मी काय परकी होते?"

"काय सांगणार? नाकावर पोट भरणारा माणूस मी. सगळे हळहळले असते. तू रोज काहीतरी नवीन करून घातलं असतंस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस. मला ते नको होतं." मग ते पोरगीला म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं. उद्या तुझी जागा गेली असती माझ्यामुळे. तू दुसऱ्या कोणाला तरी विचार."

पोरगीने डोळे पुसले. मला उचललं, धुतलं आणि पुन्हा मापं भरायला घेतली. या वेळी बाटलीतला पाक आधी बोटावर घेऊन चाखला.

"दुसऱ्या कोणाला नाही," ती म्हणाली. "चव मी बघेन, आई बघेल. तुमचे कान तर शाबूत आहेत ना? मग ऐका."

"मी?" मालकीणबाई दचकल्या. "मी नाही बाई पिणार!"

"चमचाभर, आई. औषध समज."

आणि मित्रांनो, त्या दुपारी मी जन्मात वाजलो नव्हतो तसा वाजलो. वस्ताद खुर्चीवर बसले, डोळे मिटून, हात मांडीवर. बर्फाशिवाय घुसळताना ते म्हणाले, "अजून पाणी वाजतंय. फेस धरला की आवाज जाड होतो. हां... आता बर्फ घाल." बर्फ घातल्यावर म्हणाले, "घाई करू नकोस. खांद्यातून हलव, मनगटातून नको." आणि मग त्यांनी कान टवकारले. "हे टक टक काय वाजतंय? हे पूर्वी नव्हतं."

ते माझ्या पोच्यातून येत होतं. बर्फाचे खडे पोच्याच्या कडेला अडून टक करत होते. पोरगी घुसळत राहिली, खडे झिजत गेले, आणि एका क्षणाला टक बंद झाला. नुसती सळसळ राहिली.

"थांब!" वस्ताद ओरडले. "गाळ!"

त्यांनी मला हातात घेतलं. बाहेरून पांढरं दव धरलं होतं. "गार बरोबर आहे," ते म्हणाले. पोरगीने चाखलं, मान डोलावली आणि ग्लास आईपुढे केला. मालकीणबाईंनी चमचाभर घेतलं, तोंड वाकडं केलं, मग चमचा पुन्हा ग्लासात घातला. "जळकट आहे," त्या म्हणाल्या. "पण गोड लागतं शेवटी. आणखी एक बघते. नीट कळायला पाहिजे ना!"

त्या दिवशी आठ वेळा केलं. टक बंद व्हायच्या आधी थांबलं की कडक, उशीर झाला की पाणचट, आणि बरोबर तिथे थांबलं की पोरगी मान डोलवायची. वीस वर्षं मी त्यांच्या नाकाशी होतो, आता कानाशी आलो. आठव्या खेपेला मालकीणबाई जरा जास्तच मोकळ्या हसायला लागल्या, तेव्हा वस्तादांनी बाटली कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी चाचणीच्या काउंटरवर दहा नवेकोरे शेकर ओळीने मांडलेले होते. पोरगीने मला पिशवीतून काढलं. तिथल्या मॅनेजरबाईंनी पोच्याला बोट लावलं. "अरेरे! हे मोडकं कशाला? यातलं घ्या की."

"मला हाच ऐकू येतो," पोरगी म्हणाली.

ती घुसळू लागली. टक, टक, टक. मी जीव ओतून वाजत होतो. आणि टक बंद झाला, तशी ती थांबली. मॅनेजरबाईंनी घोट घेतला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "छान."

इतर कोणी असतं तर आभार मानून निघालं असतं. पोरगी तिथेच उभी राहिली. "छान म्हणजे काय? नीट सांगा ना प्लीज."

मॅनेजरबाईंनी तिच्याकडे बघितलं, पुन्हा एक घोट घेतला, या वेळी सावकाश. "धूर छान सांभाळलाय. फेस उत्तम. लिंबू थोडं जास्त आहे," त्या म्हणाल्या. मग पेन खाली ठेवलं. "असं विचारणारी आजवर एकही आली नाही. सोमवारपासून येशील?"

घरी वस्ताद दारातच उभे होते. "काय म्हणाल्या?"

"सोमवारपासून बोलावलंय. लिंबू थोडं जास्त होतं म्हणाल्या."

"मला ते कळलं नसतं," वस्ताद म्हणाले.

"म्हणून तर येऊन सांगितलं," पोरगी म्हणाली. तिने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीने माझ्या तोंडाशी नाक नेलं. आत काही नव्हतं, आणि असतं तरी कळलं नसतं. पण दोन वर्षांनी ते हळूच "हं" म्हणाले.

आता मी रोज पोरगीबरोबर कामाला जातो. घरातल्या बाटल्यांवर वस्तादांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लावल्या आहेत. आणि जेवताना मालकीणबाई मीठ विचारत नाहीत. त्या स्वतः चाखतात आणि वस्तादांना सांगतात, "आज मीठ थोडं कमी आहे बरं का." ते म्हणतात, "असं का?" आणि ताटाकडे बघून जेवतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना धुऊनपुसून ठेवा, पोचा पडला म्हणून फेकू नका, हे तर मी सांगणारच. पण खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात प्रत्येक गोष्टीला "छान" म्हणणारं कोणी असेल, तर एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा, छान म्हणजे काय. मी दोन वर्षं फ्रिजवर बसून सगळं बघत होतो, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.