दिवस मावळायच्या आत

राजमतीकाकूंच्या हाताला गुण आहे, असं सांगलीच्या त्या गल्लीत सगळेच म्हणत, आणि सगळ्यांत जास्त वेळा खुद्द काकूच म्हणत. औषधदानासारखं पुण्य नाही, हे त्यांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरातल्या प्रवचनात, ऐकलं आणि हळदीच्या पेढीमागच्या खोलीतलं एक फडताळ औषधांना देऊन टाकलं. कुणाच्या पोटात कळ आली की काकू बाटली घेऊन हजर. नको म्हणायची सोय नव्हती.

त्रेचाळीस सालच्या भाद्रपदात आजार घरातच आला. जैनांच्या पर्युषण पर्वाचे दहा दिवस चालू होते. सून पद्मावती, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली, सकाळपासून जुलाबाने गळून गेली. काकूंनी जुलाब थांबवायच्या थेंबांची बाटली काढली. ते थेंब दुकानात कुणालाही चिठ्ठीशिवाय मिळत, पण त्यात अफूचा अंश होता. दुकानदाराने बजावलं होतं, "एका वेळी दहाच. पुन्हा सहा तासांनी, त्याच्या आत न्हाई. आणि पाणी पाजत ऱ्हावा."

पहिले दहा थेंब दुपारी बाराला दिले. पुढचे संध्याकाळी सहाला, मग मध्यरात्री, मग पहाटे. इथेच घोडं अडलं. पर्वाचं व्रत, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा तोंडात घालायचं नाही. आजाऱ्याला त्यातून सूट असते, हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. पण नव्या सुनेचं व्रत मोडलं तर बस्तीतल्या बायका काय म्हणतील? म्हणून त्यांनी तोडगा काढला. उरलेल्या तिन्ही वेळचे थेंब पाचच्या सुमारास एकदमच पाजले. तीस थेंब! वर आपल्याच हुशारीवर खूश झाल्या.

जुलाब थांबले. पोर झोपली. दिवस मावळल्यावर तिने डोळे न उघडताच पाणी मागितलं.

"आता न्हाई बाई, सकाळी," काकू म्हणाल्या. तिने पुन्हा मागितलं नाही, तेव्हा काकूंना बरंच वाटलं.

मुलगा वर्धमान पेढीवरून आला. बायकोला हाका मारून मारून थकला आणि तसाच डॉक्टरांकडे धावला. डॉक्टर आले. त्यांनी दिव्याच्या उजेडात पद्मावतीच्या पापण्या उघडून पाहिल्या, श्वास मोजला, मग उशाची बाटली उचलली.

"यातलं किती दिलं?"

दारात शेजारची सुलाबाई उभी होती. गेल्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याला काकूंनी हेच थेंब दिले होते.

"दहा," काकू म्हणाल्या.

"दहा थेंबांनी एवढी गुंगी येत नाही. मग ही पटकीच, कॉलराच धरायला हवी. वर्धमान, टांगा आणा. पटकीच्या दवाखान्यात हलवू."

वर्धमान चप्पल शोधू लागला. काकूंचं लक्ष सुनेच्या ओठांकडे गेलं. ते निळसर पडले होते. श्वास येई, मग बराच वेळ येतच नसे. आपल्या अब्रूपायी आपण परक्याची लेक मारतोय, हे काकूंना त्या क्षणी लख्ख कळलं. पायांखालची फरशी फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. पण सांगलीची फरशी ती, ती कशाला फाटते?

"डाक्टर, मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "दुपारी दहा आणि पाचला तीस. रातीचं व्रत मोडू नये म्हणून एकदम दिले. तिनं पाणी मागितलं, ते पण दिलं न्हाई."

सुलाबाईने तोंडाला पदर लावला. वर्धमान चप्पल टाकून बायकोच्या उशाशी जाऊन बसला. डॉक्टर रागावले असते तर काकूंना हलकं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत, कामाला लागले. सुनेला बसतं केलं, तिला झोपू देऊ नका म्हणाले, नाव घेऊन हाका मारायला लावल्या, पिशवीतलं इंजेक्शन टोचलं. दोन तास ते तिचा श्वास मोजत बसून होते. शेवटी पद्मावतीने डोळे उघडले.

"गिळता येतंय. मीठ-साखरेचं पाणी द्या, थोडं थोडं," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी पेला तिच्या तोंडाशी नेला. पोरीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"आत्याबाई, दिवस मावळला का वो?"

दारात आता गल्लीतल्या चार बायका होत्या.

"मावळला बाई. कवाच मावळला," काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तरी तू पी. चूक माजी हाय."

पद्मावतीने पेल्याकडे पाहिलं, मग काकूंच्या हाताकडे, मग डॉक्टरांकडे. त्यांनी होकारार्थी मान हलवली, तेव्हाच तिने तोंड उघडलं.