शिदेकोबुशीच्या वाटणीचं ऊन

हायाकावा-सान दर शरदात यायचे आणि तात्सुए त्यांना दर शरदात चहा पाजून परत पाठवायची. गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले. काम झाल्याशिवाय दारातून हलायचं नाही ही जन्माची सवय, ती तात्सुएने मोडून काढली.

मागणं साधंच होतं. तात्सुएच्या घरामागे एक घळ होती. खाली चिनीमातीचा थर, त्यामुळे डोंगरातून झिरपलेलं पाणी तिथे बारा महिने पायाखाली चुळबुळत असे. त्या चिखलात शिदेकोबुशीची झाडं उभी होती. चाफ्याच्याच गोतावळ्यातली, पण हट्टी. पाय ओले असल्याशिवाय जगायचं नाही आणि डोक्यावर ऊन असल्याशिवाय फुलायचं नाही. पाय ओले होते. डोक्यावर मात्र हिनोकी होते, सुरूच्या जातीचे वृक्ष, सरळसोट, दाट, वर्षभर हिरवे.

"सगळ्या जगात फक्त आपल्याकडच्या तीन प्रांतांत उरलंय हो हे झाड," हायाकावा-सान गोड वडीचा तुकडा मोडत म्हणायचे. "संकटाच्या उंबरठ्यावर आहे म्हणून सरकारच्या लाल यादीत नाव आहे त्याचं."

"माझंही असेल कुठल्यातरी यादीत. आरोग्यकेंद्रातली पोरगी दर महिन्याला फोन करते. आजी, आहात ना, म्हणून."

"तुमचं काय घेऊन बसलात! तुमच्यासारख्या वाडीवाडीला आहेत. तुमची जात काही संपत नाही."

"मग घ्या अजून एक वडी."

"ते हिनोकी काढू द्या. आमच्या संवर्धन मंडळाची माणसं करवती घेऊन येतील, लाकूडही ओढून देतील."

"यंदा गुडघा दुखतोय."

"तोडणार आम्ही. त्यात तुमचा गुडघा कुठे आला?"

"आवाज सोसत नाही त्याला."

वाडीने याचा अर्थ आपल्यापुरता लावून घेतला होता. ते हिनोकी तिच्या नवऱ्याने, क्यूझोने, मुलाच्या जन्माच्या वर्षी लावले होते. शिगेकी मोठा होईल, इथेच घर बांधेल, त्या घराचे खांब. शिगेकी मोठा झाला आणि नागोयात नवव्या मजल्यावर राहायला गेला. तिथे खांब न्यायचा म्हटला तर लिफ्टमध्येसुद्धा मावला नसता. म्हातारी अजून घराची वाट बघतेय बिचारी, असं शेजारची फुमि नळावर सांगायची. तात्सुएने तिला कधी खोडलं नाही. लोकांनी आपली कीव करावी आणि खरं कारण विचारू नये, हा सौदा तिला परवडत होता.

घराचा नाद तिने केव्हाच सोडला होता. खरं कारण फेब्रुवारीत यायचं. "फांद्या छाटत राहा, नाहीतर लाकडात गाठी पडतात," असं बापाने शेवटच्या आजारात सांगितलं होतं, आणि शिगेकी दर फेब्रुवारीत एक दिवस शिडी घेऊन त्या हिनोकींवर चढायचा. नवं वर्ष सुनेच्या माहेरी, उन्हाळ्याची सुट्टी नातवंडांच्या शिकवण्यांत. आईकडे यायला कारण लागत नाही म्हणतात. लागतं. तात्सुएकडे ते उभंच्या उभं वाढत होतं.

त्या फेब्रुवारीत शिगेकीची शिडी चिखलात सरकली. पडला नाही, फांदीला लोंबकळला. मग ओसरीत येऊन चहाला वाकून बसला. सदरा वर झाला आणि कमरेवरच्या औषधी पट्ट्या दिसल्या. एकावर एक, खालच्यांच्या कडा आठवडाभराने मळलेल्या.

"हे काय रे?"

"काही नाही गं आई. ऑफिसच्या खुर्चीने."

खुर्चीने कमरेला पट्ट्या लागतात. आठवडाभर आधीपासून लावून यायला शिडीची धास्ती लागते, हे न कळण्याइतकी तात्सुए भोळी नव्हती. तो गेल्यावर तिने हायाकावा-सानना फोन लावला.

"करवती गंजल्या नाहीत ना?"

"आणि गुडघा?"

"बरा झाला."

मग मुलाला.

"झाडं काढून टाकतेय."

"बाबांची?"

"तुझी."

"मग पुढच्या फेब्रुवारीत..."

"यायला नको."

"बरं झालं," त्याच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने ते घाईघाईने झाकलं, "म्हणजे, तुला बरं. घरात ऊन येईल. आणि मी येईन की, फुलं बघायला."

'येईन की' या नाण्याची बाजारात काय किंमत होते, ते तात्सुएला पाठ होतं. फुमिसुद्धा रोज 'या की चहाला' म्हणायची, आणि दार लोटून घ्यायची.

एकसारखी हिरवी जाकिटं घातलेली मंडळाची म्हातारी माणसं आली आणि दुपारपर्यंत घळीवर आभाळ उघडं पडलं. स्वयंपाकघरात ऊन शिरलं. इतक्या वर्षांची फळीवरची धूळ त्याने पहिल्याच दिवशी तिला दाखवली.

उन्हाळाभर शिदेकोबुशीने ते ऊन अधाशासारखं खाल्लं. पुढच्या फेब्रुवारीत कोणी आलं नाही. हाताला सवय म्हणून तात्सुएने भात कुटला, काठ्यांवर थापला, अक्रोड आणि खारट मिसोचं वाटण लावून भाजला. शिगेकीची आवडती गोहेइ-मोची. मग बशी घेऊन फुमिकडे गेली.

"आज काय विशेष?"

"तांदूळ जास्त पडला."

एप्रिलच्या तोंडावर घळ पांढरी झाली. देवळाच्या दोरीला लावतात तशा कागदी झिरमिळ्यांसारख्या पाकळ्या, मध्येच फिकट गुलाबी. लांबलांबून लोक फोटो काढायला आले. हायाकावा-साननी एक फोटो शिगेकीला पाठवला आणि नवल घडलं. 'रविवारी येतो,' असं उत्तर आलं. नुसतं 'येईन की' नाही, वार होता त्यात.

शुक्रवारी रात्री आभाळ निरभ्र होतं आणि कडाक्याची थंडी पडली. शनिवारी सकाळी प्रत्येक पाकळी वापरलेल्या चहापत्तीसारखी तपकिरी होऊन लटकत होती.

"झाडाला काही झालेलं नाही हां," हायाकावा-सान कानकोंडे होऊन म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा फुलेल. हिनोकी होते तेव्हा गोठलेलं दंव वरच अडायचं, आता..."

"हे आज सांगताय?"

"मुलाला तेवढं कळवा. फुकट फेरी पडेल त्याला."

"कळवते."

दिवसभर तिने कळवलं नाही. संध्याकाळी फोन त्याचाच आला.

"आई, तिकीट काढायचंय. फुलं आहेत ना अजून?"

तात्सुए फोन धरून खिडकीशी गेली. मुलाशी ती आजवर तोळाभरही खोटं बोलली नव्हती. घळीत तपकिरी चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या.

"आहेत की. भरपूर."

"फोटोतल्यासारखी?"

"त्याहून जास्त," ती म्हणाली. "पण सकाळच्याच गाडीने ये. दुपारनंतर तिथलं ऊन सरकतं."