निलव्वाचा ओटा

"एवढा उंच ओटा कुणासाठी बांधलास रं बसप्पा? म्हस चढवायचीय व्हय त्याच्यावर?" निलव्वा जमिनीवरनं ओरडली.

"वसतिगृहाच्या साहेबानं सांगितलंय," तिचा भाऊ घाम पुसत म्हणाला. "जमिनीवर थापल्याली रोट्टी तिथं चालत न्हाई. कंबरेइतका ओटा पायजे."

लहानपणीच्या तापात निलव्वाचे पाय गेले. हातांवर सरकत फिरते. पण ज्वारीची कडक रोट्टी तिच्यासारखी आमच्या गदग भागात कुणाला जमत नाही. वसतिगृहाला रोट्टी पुरवायची मान्यता मिळाली असती, तर तिला भावाच्या तोंडाकडं बघावं लागलं नसतं. मी तिची शेजारीण; सोमवारच्या उपासाला शिवापुढं तिचंही नाव घेत होते.

साहेब आले ते रानातली काळी धूळ झटकतच. "कोण थापतं?"

"मीच की."

"मग ओट्यावर करून दाखव."

बसप्पानं टेकू दिला. निलव्वा ओट्यावर चढली, पाय हातानं ओढून घेतले आणि पीठ थापायला लागली.

"अगं, ओट्यावर पाय? खायच्या जिनसापाशी?"

"धुतल्यात साहेब. खाली थापली तर खाली नको म्हणता."

मी हळूच म्हटलं, "साहेब, आमच्याकडं धडधाकट बायकासुद्धा बसूनच थापतात."

"अक्का, तुम्ही तुमची पूजा बघा."

शिवाचं नाव ओठांवर आलं, तेही रागानं.

साहेबांनी निलव्वाच्या वहिनीकडं, गंगव्वाकडं बोट केलं. "ही उभी राहते ना? हिच्या नावानं मान्यता देऊ." निलव्वा खाली उतरली. गंगव्वानं उभ्यानं थापली, रोट्टी दोनदा फाटली. "होईल सवय," म्हणून साहेब निघून गेले.

साहेबांची गाडी वळली तशी गंगव्वा परात घेऊन खाली बसली. "निलव्वा, नावाचं काय एवढं? थापणार तूच. ये बाई."

निलव्वा हात धूत होती. "वैनी, ज्याचं नाव, त्यानंच थापावी."

बसप्पा भडकला. "येडी का खुळी? घरात आल्यालं काम घालवतीस!"

"माझं कुठं आलं? उभ्या बाईचं आलं."

सकाळच्या रोट्ट्यांची टोपली तिनं पुढं ओढली आणि सरकत दारापाशी आली. तिच्या पापण्यांवर पीठ होतं.

"अक्का, बाजाराला जाताना मला तुमच्या गाडीत घ्या. तिथं समदेच खाली बसून इकत्यात."