लंगडीची रेघ

कंडक्टरबाईंना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. उभी हयात बसमध्ये ‘पुढे सरका, पुढे सरका’ करण्यात गेल्यामुळे मोठा आवाज हाच त्यांचा साधा आवाज होता. त्याच आवाजात त्या शेजारणीची चौकशी करत आणि नवऱ्याला चहा विचारत. पण त्या हळू बोलायला लागल्या की नवरा वर्तमानपत्राची घडी घालून चपला शोधायला लागायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी काहीतरी करावं, असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. ते घराबाहेर करावं, हे कोणी बोललं नाही, पण बाईंना समजलं. गावाच्या कडेला पाणथळ जागेत पक्ष्यांचं राखीव क्षेत्र होतं, तिथे त्या स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्या. क्षेत्राच्या समितीचे अध्यक्ष त्यांचे सख्खे धाकटे दीर होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, गळ्यात कायम दुर्बीण, आणि ती डोळ्यांना लावलेली अजून कोणी पाहिली नव्हती. बाई त्यांना भाऊजी म्हणत, अहोजाहो करत. माणसाला अहोजाहो करत शिव्या घालणं किती अवघड असतं, ते ज्यांना दीर आहे त्यांनाच कळेल.

स्वयंसेवकांना तिथे वाटून कामं दिलेली होती. कोणी पायवाट झाडायचं, कोणी शाळेच्या पोरांना ‘हळू बोला’ असं ओरडून सांगायचं. बाईंकडे पाणी होतं. तलाव मोठा दिसायचा, पण खोली मांडीएवढी, तीही चांगल्या दिवसांत. बांधाच्या पोटात एक मोरी होती. मोरीच्या तोंडाला दोन्ही बाजूंना खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या. एक फळी चढवली की पाणी वर, एक काढली की खाली. फळी आत टाकायला कोणीही चालतं. फुगलेली, शेवाळलेली फळी वर ओढायला मात्र लांब दांड्याचा लोखंडी आकडा लागतो. तो स्वयंसेवकांच्या झोपडीच्या दाराआड टांगलेला असे, आणि बाईंशिवाय त्याला कोणी हात लावत नसे.

हिवाळ्यात बदकं यायची तेव्हा पाणी भरलेलं ठेवायचं. बदकं गेली, ऊन तापलं की फळ्या हळूहळू काढत जायचं, म्हणजे मधलं चिखलाचं बेट उघडं पडतं. मग त्यावर शेकाटे येतात. काळे-पांढरे, लाल काड्यांसारखे लांबच लांब पाय. ओल्या चिखलावर चार काटक्या मांडतात आणि त्यांवर अंडी घालून मोकळे होतात. बेटाजवळ पाण्यात एक खांब रोवलेला होता. त्यावर लाल रेघ होती. घरटी असेपर्यंत पाणी त्या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढाच कायदा. तो सगळ्यांना पाठ होता.

शेकाट्यांत एक लंगडी होती. एक पाय सांध्यात वाकडा, चालताना दर पावलाला कोणाला तरी नमस्कार केल्यासारखी वाकायची. दरवर्षी ती बेटाच्या अगदी खालच्या कडेला, पाण्याला लागून बसायची. बाईंचा गुडघाही त्याच बाजूचा दुखायचा. त्या तिच्याशी बोलत नसत, पण फळी काढताना आधी तिच्याकडे बघत.

यंदा भाऊजींनी पक्षी बघायला मनोरा बांधला. म्हणजे एका बड्या पाहुण्यांनी बांधून दिला आणि भाऊजींनी तो मिळवला. उद्घाटनाचा बेत घेऊन ते बाईंच्या घरी आले.

“वहिनी, पाहुणे होडीतून येणार. तलावाच्या मधोमध होडी थांबवायची, तिथून मी दोन शब्द बोलणार, प्रेक्षक मनोऱ्यावर. मग मनोऱ्याच्या पायरीशी येऊन होडीतूनच फीत कापायची. आजपर्यंत कोणी केलं नसेल असं!”

“का केलं नसेल, तेही बघा की. होडी गाळात बसेल.”

“म्हणूनच आलोय. दोन फळ्या चढवा. तेवढ्यापुरत्या.”

“भाऊजी, अंडी आहेत.”

“अहो, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे.”

“अंड्यांना पोहता येत नाही. दोन दिवसही नाही.”

“बघू,” असं म्हणून भाऊजी उठले. बाईंचा नवरा दाराआडून म्हणाला, “माझा भाऊ आहे तो, जरा सांभाळून घे.”

“म्हणून तर चहा दिला,” बाई म्हणाल्या. आवाज अजून मोठा होता. नवऱ्याने सुस्कारा सोडला.

त्याच आठवड्यात बाईंचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी त्या काठी टेकत बांधावर आल्या, तर क्षेत्र ओळखू येईना. बाकं पांढरी, कुंपण पांढरं, कचऱ्याचे डबे पांढरे. हे काम दातांच्या डॉक्टरांचं होतं. ते रविवारचे स्वयंसेवक, स्वभावाने गरीब, आणि पिवळट काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. पाहुणे येणार म्हणून त्यांना ब्रश देण्यात आला होता, आणि पुरे म्हणायला कोणी नव्हतं. त्यांनी होडीत बसून पाण्यातला खांबही रंगवला होता, वरपासून पाण्यापर्यंत, झकास पांढराशुभ्र. लाल रेघ गेली होती.

बाईंनी बेटाकडे पाहिलं. बेट निम्मं राहिलं होतं.

खालच्या कडेची घरटी पाण्यात होती. दोन ठिकाणी अंडी तरंगत लव्हाळ्याला लागली होती, आणि त्यांचे मालक वर घिरट्या घालत कर्कश ओरडत होते. लंगडी उडत नव्हती. ती पोटापर्यंत पाण्यात उभी राहून चोचीने काटक्या ओढून आणत होती आणि घरट्याखाली सारत होती. एक काटकी खाली, मग अंड्यांवर बसून बघायचं, मग उठून दुसरी. पाणी चढेल तसं घर उचलायचा तिचा प्रयत्न चालला होता. तिचा जोडीदार वाळकं गवत आणून देत होता. ते वाहून जात होतं.

बाई तिथे किती वेळ उभ्या होत्या, त्यांनाच कळलं नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात, ती आधी दुखऱ्या गुडघ्यात थांबून गेली.

दातांचे डॉक्टर धावत आले. “कंडक्टरबाई, कसं दिसतंय?”

“रेघ कुठाय?”

“तिथेच असेल की,” म्हणता म्हणता डॉक्टरांचा चेहरा खांबासारखा झाला. “अरे देवा. मला वाटलं डाग आहे.”

“फळ्या कोणी टाकल्या?”

“अध्यक्षांनी. ते म्हणाले, पाणी रेघेवर गेलं तर थांबू.” डॉक्टरांनी रंगाचे हात पाठीमागे नेले. “मग आम्ही बघत होतो. रेघ दिसेचना, तेव्हा वाटलं पाणी अजून तिच्यापर्यंत पोचलं नसेल.”

मनोऱ्याच्या पायरीशी भाऊजी नव्या कपड्यांत फीत बांधत होते. बाई त्यांच्यापाशी गेल्या.

“भाऊजी, अंडी वाहून चाललीत.”

इतक्या हळू बोलल्या, की भाऊजींना वाटलं वहिनींचा घसा बसलाय.

“वहिनी, आता काही काढू नका हं. पाहुणे निघालेत. कार्यक्रम संपला की लगेच काढू.”

“तुमचा कार्यक्रम संपतो कधी, ते मला ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही दोन शब्द बोललात, तेव्हा वाढलेलं जेवण परत गरम करावं लागलं होतं.”

“ही वेळ थट्टेची नाही.”

“मी थट्टा करत नाहीये.”

“मग माझं ऐका. पक्षी काय, पुढल्या वर्षी परत येतील. असे पाहुणे परत यायचे नाहीत.”

बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा नवरा तिथे असता तर त्याने गाव सोडलं असतं.

झोपडीच्या दाराआडून त्यांनी आकडा काढला. मोरीशी जाऊन पहिली फळी ओढली, मग दुसरी. नव्याने टाकलेल्या दोन्ही निघाल्या. आता थांबायला हवं होतं, कारण पाणी आपोआप रेघेवर आलं असतं, निवांतपणे, भाषण संपेपर्यंत. पण लंगडीला निवांत वेळ नव्हता. बाईंनी तिसरीही ओढली, आणि मग चौथी, ती मात्र निव्वळ रागाने. मोरीतून पाणी धो धो सुटलं. चारही फळ्या बांधावर रचून त्यांवर त्या बसल्या आणि आकडा मांडीवर आडवा घेतला.

तेवढ्यात होडी निघाली. वल्ही डॉक्टरांच्या हातात, मधे पाहुणे, टोकाला भाऊजी, हातात ध्वनिक्षेपक. पाण्याच्या मधोमध आल्यावर भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, “मी तुमचा फार वेळ घेणार नाही.”

मनोऱ्यावरच्या अनुभवी लोकांनी पाय लांब केले.

भाऊजी निसर्गावर बोलले. निसर्ग आणि माणूस यावर बोलले. निसर्ग, माणूस आणि विमा यावर जास्त बोलले. पाहुण्यांच्या दातृत्वाला सागराची उपमा देत होते, तेव्हा होडी जरा तिरकी झाली. पर्यावरणाच्या ऱ्हासाशी आले, तेव्हा डॉक्टरांनी होडी सरळ करायला वल्हं टेकवलं आणि हात काढून घेतला. वल्हं चिखलात उभंच राहिलं.

बेट वर येत होतं. काठाकाठाने ओला गाळ चमकायला लागला. शेकाट्यांची एक टोळी होडीवर झेपा घ्यायला लागली, डोक्याला चाटून जाईल इतक्या खालून.

“हे कुठले पक्षी?” पाहुण्यांनी विचारलं.

“हिवाळी बदकं,” भाऊजी म्हणाले. ध्वनिक्षेपक चालू होता. मनोऱ्यावर शाळेची पोरंही होती, ती इतकी हसली की ‘हळू बोला’ म्हणणारा स्वयंसेवकही ओरडायचं विसरला.

मग भाऊजींनी खाली पाहिलं. खाली पाणी नव्हतं.

“वहिनी!” ध्वनिक्षेपकातून आरोळी आली. “फळ्या टाका!”

बाई उठल्या नाहीत.

“वहिनी, सगळे बघताहेत! पाहुणे अडकलेत!”

बाईंना हाक मारून उत्तर देता आलं असतं. त्यांना ध्वनिक्षेपक कधी लागला नव्हता. पण त्या म्हणाल्या ते शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेवकालाच ऐकू गेलं, आणि तो दोन पावलं मागे सरकला. “वाहून चाललेत का? नाही ना? मग बसा म्हणावं.”

फळ्या काढून घ्यायची कोणाची हिंमत झाली नाही. शेवटी बाईंनीच सांगितलं, की दोर टाका आणि होडी मनोऱ्याच्या बाजूने गाळावरून ओढा, बेटाकडून कोणी एक पाऊल टाकायचं नाही. माणसांनी दोर ओढला. होडी घसरत निघाली, भाऊजी बसले, ध्वनिक्षेपक गाळात गेला. मनोऱ्याच्या पायरीशी पाहुण्यांनी फीत कापली, कारण कात्री तोवर त्यांच्या हातात होती आणि दुसरं काय करावं ते कोणालाच सुचेना.

बाईंनी मग एक फळी बसवून पाणी नेहमीपेक्षा खालीच थांबवलं. वरची घरटी वाचली. लंगडीच्या घरट्यात ती काटक्यांच्या ढिगाऱ्यावर अजून बसली होती, आणि तिच्याखाली काही नव्हतं. ती उठायची, चोचीने रिकाम्या जागी काहीतरी सरळ करायची, पुन्हा बसायची. बाईंनी ते पाहिलं आणि आकडा खांद्यावर टाकून घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी समितीने त्यांना ‘सेवेबद्दल ऋण व्यक्त करून’ पाण्याच्या जबाबदारीतून मोकळं केलं. आकड्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तो बाईंच्या दारामागे, छत्र्यांच्या शेजारी उभा राहिला. त्या रोज त्याच्याकडे बघत आणि हळू आवाजात भांडी घासत. नवरा त्या दिवसांत फार फिरायला गेला.

मग एका सकाळी भाऊजी आले. वरच्या कालव्याचं पाणी सुटलं होतं, तलाव चढत होता आणि गाळात खचलेल्या मनोऱ्याची खालची पायरी बुडाली होती.

“वहिनी, झालं गेलं विसरा. आकडा द्या. माझ्या मनोऱ्यात पाणी शिरतंय.”

“तुमच्या?”

भाऊजींनी गळ्यातली दुर्बीण चाचपली.

“अंडी वाहत होती तेव्हा दोन दिवसांचा प्रश्न होता. मनोरा काय, तोही पुढल्या वर्षी परत येईल.”

“वहिनी, मी हात जोडतो.”

“हात मोकळे ठेवा, ब्रश धरायचाय. डब्यात लाल रंग आहे. आधी रेघ. तुमच्या हाताने, पाण्यात उतरून. मग आकडा. आणि काढणार मीच.”

भाऊजींनी भावाकडे पाहिलं. भाऊ चपला शोधत होता.

अध्यक्ष पँट दुमडून पाण्यात उतरले. गाळ मांडीपर्यंत होता. डोक्यावर शेकाटे किंचाळत होते आणि अध्यक्षांच्या नव्या शर्टावर आपला अभिप्राय नोंदवत होते. बाई बांधावर मोरीपाशी आकडा धरून उभ्या होत्या. भाऊजींनी खांबाशी पोचून जुन्या रेघेची जागा शोधली. पांढऱ्याखाली तिची पुसट कड दिसत होती. त्यांनी तिथे ब्रश टेकवला.

“तिथे नाही, भाऊजी. खाली.”

“अहो, जुनी रेघ इथेच होती! मला दिसतेय!”

“आता दिसतेय.”

बेटाच्या कडेला, पूर्वीपेक्षाही खाली, लंगडी नव्या काटक्यांवर बसली होती. पहिली अंडी गेल्यावर तिने पुन्हा घातली होती, आणि त्या दिवशी पाणी फार उतरलं तेव्हा जी जागा उघडी पडली, तिथेच. आता पाणी तिच्यापासून वीतभरावर होतं. भाऊजी जवळ गेले तशी ती उठली, वाकडा पाय टाकत, दर पावलाला वाकत त्यांच्या अंगावर आली. भाऊजी मागे सरले आणि बसकण मारता मारता वाचले.

“तिच्या घरट्याच्या खाली रेघ हवी,” बाई म्हणाल्या. “ती बसेल तशी रेघ सरकेल. दरवर्षी. तुम्ही येऊन काढायची.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

भाऊजींनी ब्रश खाली नेला. कोपर पाण्याला टेकलं.

“एवढं पुरे?”

“अजून खाली.”

मोरीपासून खांबापर्यंत ते स्पष्ट ऐकू गेलं. आवाज चढायला लागला होता, पण पुरता चढला नव्हता.