एफ्रेनच्या ताटातलं तिखट

माझा भाऊ एलाडियो आणि वहिनी प्रिस्का यांचा पहिला मुलगा एफ्रेन अकरा महिन्यांचा असताना तापाने गेला. त्याच्यानंतर दोन मुली झाल्या, ओतिलिया आणि मीना. माझं घर त्यांच्या कुंपणाला लागूनच. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते सगळं माझ्यासमोर झालं.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बाराची घंटा झाली की लहान मुलं घरी येतात. म्हणजे गेलेली मुलं. मोठी माणसं दुसऱ्या दिवशी, मुलं परतल्यावर. मुलांच्या मेजावर सगळं पांढरं असतं. मेणबत्त्या पांढऱ्या, फुलं पांढरी, आणि ताटात तिखटाचा कण नाही. प्रिस्का दरवर्षी एक छोटं मेज मांडायची. त्यावर दुधाची बाटली, खुळखुळा आणि तिने स्वतः विणलेले लोकरीचे पायमोजे.

यंदा ओतिलिया सहा वर्षांची झाली होती. ती मेजाला टेकून बघत उभी होती.

“आई, एफ्रेन किती मोठा आहे?”

“अकरा महिन्यांचा.”

“मागच्या वर्षीपण अकरा महिन्यांचाच होता.”

“हो. हात नको लावू तिथे.”

“मग मी त्याच्यापेक्षा मोठी?”

“नाही गं. तो तुझा दादा.”

“अकरा महिन्यांचा दादा?” ओतिलिया माझ्याकडे वळली. “आत्या, असा असतो का कुणाचा दादा?”

मी हसणार होते, पण वहिनीचा चेहरा बघितला आणि पुन्हा सजावटीच्या कागदी पताका कातरायला लागले. “जा, मीनाला घेऊन अंगणात पाकळ्या टाक,” म्हटलं. फाटकापासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट करायची असते, म्हणजे येणारा चुकत नाही.

दोघी गेल्या. प्रिस्का चुलीवर मक्याची गोड पेज ढवळायला बसली. थोड्या वेळाने दूध ठेवायला ती मेजाशी आली आणि तिथेच थिजली. पायमोजे बाजूला सारलेले. त्यांच्या जागी ओतिलियाच्या रबरी चपला, आणि शेजारी चिंचेची तिखटात घोळलेली गोळी. कागद सोडवून ठेवलेली. एका बाजूने कुणीतरी चाटलेलीसुद्धा.

“हे कुणी केलं?”

“चाटली मीनाने,” दारातून ओतिलिया म्हणाली. “ठेवली मी.”

“तिखट? बाळाला तिखट?” प्रिस्काने गोळी उचलून बाहेर भिरकावली. चपलाही फेकल्या. “जीभ भाजेल त्याची! एवढी घोडी झालीस, तुला कळत नाही?”

ओतिलियाने पाय आपटला.

“तोपण घोडा झाला असेल ना! कब्रस्तानापासून सगळी खडी आहे. मोजे घालून कसा चालेल तो? दरवर्षी येतो, दूध पितो नि जातो. माझ्याशी खेळतपण नाही. मला तो खेळायला हवाय!”

आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. ती रडते म्हणून मीनाही रडायला लागली.

तेवढ्यात एलाडियो शेतातून झेंडूचा भारा खांद्यावर घेऊन आला. झेंडू पिकवतो तो. हे चार दिवस त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याने भारा उतरवला आणि काय झालं ते मला विचारलं. मी सांगितलं. तो बायकोकडे न बघता पाकळ्या झटकत राहिला. मग हळूच म्हणाला,

“यंदाचा झेंडू त्याच्या छातीला लागला असता.”

“कुणाच्या?” प्रिस्काने विचारलं.

“एफ्रेनच्या. दरवर्षी बघतो मी. मागे पार बुडायचा तो झेंडूत. आता डोकं दिसलं असतं लांबून.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“तू त्याला पाळण्यात झोपवलेलं, प्रिस्का. मी उठवू कसा?”

ती मागच्या दाराने बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. कपडे धुण्याच्या दगडाला धरून ती उभी होती.

“मला मोठा एफ्रेन दिसतच नाही, कासिल्दा,” ती म्हणाली. “रोज प्रयत्न केला असेल मी. चेहराच येत नाही. बाळाचा येतो, मानेवरच्या घामोळ्यांसकट येतो. त्याला मोठा केला आणि तो बाळही दिसेनासा झाला तर? मग माझ्याकडे काय उरलं?”

मला स्वतःला मूल नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हटलं, “पेज लागेल गं खाली.”

तिने नाक पुसलं. “ती पेज आणि तू,” म्हणाली, पण आत आली.

ओतिलिया कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. प्रिस्का तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

“ओती, तुझा एफ्रेन कसा दिसतो गं?”

ओतिलियाने नखाने भिंत खरवडली.

“सांग की. मला माहीत नाही म्हणून विचारते.”

“पुढचे दात नाहीयेत त्याला,” भिंतीला सांगितल्यासारखं ओतिलिया म्हणाली. “पडलेत. नवीन येतायत. आणि जोरात पळतो. मीनाला उचलून घेतो. मला नाही घेत, मी जड आहे म्हणतो.”

“असं म्हणतो? आगाऊच आहे.”

“आणि कान मोठे आहेत. बाबांसारखे.”

प्रिस्काने चटकन नवऱ्याकडे बघितलं. मग ती हसली. मेज मांडायच्या दिवशी तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

“कान होतेच तसे. जन्मला तेव्हा सुईण म्हणाली, हा वाऱ्याने उडून जायचा! टोपी घातली की बाहेर यायचे दोन्ही. आणि उभा राहायला लागला होता तो, माहितेय? मक्याच्या कणगीला धरून. पडला की आधी इकडेतिकडे बघायचा, कुणी बघतंय का. बघत असेल तरच रडायचा.”

“मीनापण तश्शीच करते!” ओतिलिया वळलीच एकदम.

“मी नाही करत,” मीना म्हणाली.

मग प्रिस्का बोलतच राहिली. मुलींना त्यांच्या भावाबद्दल एवढं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. एलाडियो उंबऱ्यावर बसून ऐकत होता, आणि बाजारात जायची घाई असूनही हलला नाही.

बारा वाजत आले तशी ती उठली. बाटली आणि मोजे तिने जागेवर ठेवले. मग मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेला पिठाचा एक तमाल उलगडून ताटलीत घेतला, लाल मिरचीच्या रश्शात चमचा बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. शेवटी दोन थेंब टाकले.

“एवढंच?” ओतिलियाने विचारलं.

“पहिल्यांदा खातोय तो,” प्रिस्का म्हणाली. “हळूहळू सवय होईल.”

एलाडियोने अंगणातून चपला आणून पुसल्या आणि मेजाखाली जोडीने ठेवल्या. घंटा सुरू झाली. प्रिस्का दारात जाऊन उभी राहिली, आणि दरवर्षीसारखं “ये बाळा” न म्हणता म्हणाली, “ये रे एफ्रेन. सावकाश ये, पळू नकोस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मुलांना निरोप द्यायला कब्रस्तानात गेलो. ओतिलिया एका बाजूला थोडी जागा सोडून चालत होती आणि मधेच कुणाशी तरी वाद घालत होती. वहिनीने ते बघितलं, पण तिला हाक मारली नाही. परत येताना मोठ्या माणसांच्या घंटा सुरू झाल्या. माझ्या गेलेल्या वडिलांना झणझणीत रस्सा लागतो, तेव्हा मी आणि वहिनी भराभरा पावलं उचलत मिरच्या भाजायला घरी आलो.