पायाच्या मापानं आणलेलं कार्ड

दचकू नका, मी बोलतोय. रोह्यातल्या एका घरात, शिलाई मशीनच्या शेजारी, झालरीच्या कव्हराखाली बसलेला कॉम्प्युटर. खरं तर दचकायची सवय माझीच. लाईट जरा लुकलुकली की मी बंदच पडतो.

मी कारखान्यातून जोडूनच आलो. आत काय आहे ते कुणी बघायचं नाही, नुसतं बटण दाबायचं. आखातात नोकरी करणाऱ्या जुहेबनं अठ्ठ्याण्णव साली मला त्याच्या बहिणीसाठी, अमीनासाठी घेतलं. तिचं कॉलेज नुकतंच संपलं होतं. अम्मीची नजर मंदावत चालली होती, तिला एकटं टाकून नोकरीला जाणं अमीनाला जमणारं नव्हतं.

एकदा तिची मैत्रीण नमिता पेणहून आली. ती घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात होती. म्हणाली, "बांधायच्या आधीच घर पुढून कसं दिसेल त्याचं चित्र हल्ली लोक मागतात. ते काम तुला घरी पाठवीन. पण त्या प्रोग्रॅमला चित्रं दाखवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. ह्याच्यात बसतंय का, ते आधी बघ हां!"

त्या 'बसतंय का'नं अमीनाला घास गोड लागेना. काम घरी येणार की नाही, ते माझ्या पोटातल्या, कार्ड खोचायच्या एका फटीवर ठरणार होतं.

या घरात माप पाठवायची एक रीत होती. खाकी कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, कागद कातरायचा आणि आखातात निघालेल्या कुणाबरोबर तरी जुहेबला धाडायचा. सुट्टीवर येताना तो चपला आणायचा, त्या कधी सैल झाल्या नाहीत की घट्ट. मग माझंही तसंच झालं. अमीनानं भीत भीत माझं झाकण काढलं, अम्मीनं बोटांनी चाचपत रिकाम्या जागेएवढा कागद कातरला आणि तिकडंच नोकरीला निघालेल्या मुसामामाच्या बॅगेत तो कागद आखाताला गेला.

मला ओरडावंसं वाटत होतं. लांबी नका बघू, फट बघा! माझ्यातल्या फटी पांढऱ्या, जुन्या पद्धतीच्या. नव्या कार्डाच्या दातांना तपकिरी, वेगळ्या घडणीची फट लागते, ती मला कारखान्यानं दिलेलीच नाही. पण माझं ऐकणार कोण?

जुहेब ईदला आला. खजुराच्या आधी त्यानं कार्ड बाहेर काढलं. "दुकानदार विचारीत होता, कुठल्या फटीचं पायजे? मी तुमचा कागदच धरला त्याच्या नाकासमोर!"

कार्ड आत उतरलं. लांबी अगदी बरोबर. दात मात्र फटीत जाईनात.

"माप बरोबर हाय, मग बसत कसं नाय?" जुहेब पुटपुटला.

अम्मी हसली. "नवी चप्पलपण आधी चावतेच. रेट जरा."

जुहेबनं अंगठे रोवले. माझ्या आतली सर्किटची पाटी वाकली. कुठंतरी कर्र झालं.

अमीना केवढ्यानं तरी दचकली आणि तिनं त्याचं मनगटच धरलं. "भाई, सोड! त्याचे दात बघ, ह्याची फट बघ. ते ह्याच्यात जायचंच नाय. अजून रेटलंस तर आहे तेपण जाईल!"

जुहेबनं कार्ड बाहेर काढलं. मग अम्मीनं हळूच विचारलं, "माझं माप चुकलं व्हय गो?"

"तुझं नाय चुकलं, अम्मी. आपण मापच भलत्याचं घेतलं."

झाकण लावून तिनं बटण दाबलं. मी सुरू झालो, तेव्हा ती माझ्यावर डोकं टेकून रडली.

चित्रांचं काम पेणमध्येच दुसऱ्या कुणाला तरी गेलं. अमीनानं नमिताला फोनवर एवढंच सांगितलं, "साध्या रेघांचे नकाशे तरी पाठव. तेवढं ह्याला जमतं." ते येतात अधूनमधून. घराचा चेहरा मला दाखवता येत नाही, आणि अम्मीला आता माझ्यावरच्या रेघाही दिसत नाहीत. ती शेजारी बसून विचारते, "कसं हाय गो घर?" अमीना तिचं बोट माझ्या काचेवरून फिरवते. "ही ओटी. हे माजघर. इथून वारा येईल."

कार्ड कपाटात आहे, खोक्यातच. जुहेब परत गेला, तेव्हा त्याच्याबरोबर अम्मीच्या पायाचा कागद गेला, माझा नाही. माझ्यासाठी काही आणायचं असेल, तर माझं एवढंच ऐका. आधी झाकण उघडा, फट नीट बघा. आणि नाहीच बसलं काही, तर रेटू नका. जेवढा आहे, तेवढा मला राहू द्या. अम्मीचं बोट अजून फिरायचंय.