न वाचता दिलेला होकार

"दीक्षा, तीन आठवडे नक्की काय केलंस?" अनिरुद्धने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

पडद्यावर एका रुग्णालयाचा नोंदणीचा फॉर्म उघडा होता. ॲलर्जीचा रकाना नर्सला लगेच दिसावा म्हणून दीक्षाने नावाखाली आणला होता. आता तो पुन्हा पार तळाशी गेला होता. रुग्णालयाची माणसं तासाभरात पुण्यातल्या खराडीच्या ऑफिसात काम पाहायला येणार होती.

"सर, सकाळी टेस्ट सर्व्हरवर दिसत होतं." दीक्षा अजून नोकरीत कायम झालेली नव्हती.

"आणि आता नाही. जादूच म्हणायची."

शेजारच्या टेबलावर मंदाकिनीताईंचा हात कीबोर्डवर थांबला. वय सत्तेचाळीस. नोकरीची पहिली दहा वर्षं अप्पा बळवंत चौकात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करण्यात गेलेली. इथे त्या स्क्रीनची मांडणी डेव्हलपमेंटवरून, म्हणजे काम जिथे तयार होतं तिथून, टेस्टवर, म्हणजे ते जिथे तपासून दाखवतात तिथे, पाठवत. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं. आज जेवायला उठताना त्यांनी तेच केलं होतं. टेस्टवर कुणीतरी थेट केलेले नवे बदल आहेत, पुसू का, असं खिडकीने विचारलं होतं. सवयीने त्यांनी 'वाय', म्हणजे हो, दाबला होता.

त्यांनी ती ओळ आता वाचली. शेजारी वेळ होती: एक वाजून बारा मिनिटं.

खिडकी बंद केली असती तर कुणाला कळलं नसतं. टेस्टवर कोण काय पाठवतं याची नोंद राहत नसे. आणि त्यांच्या जागी तरुण माणूस घ्यायचं बोलणं गेल्याच महिन्यात त्यांच्या कानावर आलं होतं.

"अनिरुद्ध, तिचं काम माझ्या हातून पुसलं गेलं," त्या म्हणाल्या. "ही बघ वेळ. कॉम्प्युटरने विचारलं होतं, मी न वाचता हो म्हटलं."

अनिरुद्धने वाकून वेळ पाहिली. "ताई, इतक्या वर्षांनी?"

"हो."

दोघींनी मिळून तासाभरात ॲलर्जीचा रकाना तेवढा वर आणला. बाकीचं पाहुण्यांना तोंडी सांगावं लागलं.

सोमवारी मंदाकिनीताईंचे टेस्टवर पाठवण्याचे अधिकार काढून घेतले गेले. ते दीक्षाला मिळाले.

"ताई, एकदा बघता?" दुपारी दीक्षाने विचारलं.

त्या उठून तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. दीक्षाने टाइप केलेली ओळ शब्द न् शब्द वाचली.

"बरोबर आहे. पाठव."

दीक्षाचं बोट एंटरकडे गेलं. मंदाकिनीताईंनी आपले दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले.